संत-स्त्रियांचं धाडस आणि आपली दिंडी

(शताब्दी सप्ताहात दशमीच्या दुपारी झालेलं भाषण)

दिंडीच्या मंडळींनी आम्हाला विषय दिला, 'इतिहासातल्या धाडसी स्त्रिया'. विषय कानावर पडला की जिजाऊ, अहिल्यादेवी, झाशीची राणी ही नावं आधी तोंडावर येतात. ती मोठी आहेतच. त्यांच्या हाताशी फौज होती, राज्य होतं. पण आपण माळकरी माणसं. आपल्याकडे काकड्याला, भजनाला ज्या बायांची नावं निघतात, त्यांच्या हाताशी काय होतं? एकीच्या हाताशी जात्याचा खुंटा होता. एकीच्या वाट्याला गावकुसाबाहेरचं खोपट होतं. एकीला नवऱ्याचा मार होता. तरी त्या ज्या वाटेने चालल्या ती वाट अजून बुजली नाही. म्हणून आज आम्ही त्यांच्याविषयीच चार शब्द बोलणार आहोत.

आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. हे बोलणं नुसतं गोडवे गाण्यासाठी नाही. शेवटी दिंडीकडे आम्हाला एक मागणं मागायचं आहे. तोवर जरा दमाने ऐका.

पहिली मुक्ताई. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंची ही धाकटी लेक. बापाने संन्यास घेतला होता, गुरूंनी परत संसारात पाठवलं, मग ही चार लेकरं झाली. संन्याशाची पोरं म्हणून लोकांनी त्यांना वाळीत टाकलं. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि त्यांनी ते घेतलं. मागे राहिले निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि ही चिमुरडी. घरात मोठं माणूस नाही, गाव जवळ करीना. आपल्या गावात अशी पोरकी पोर असली तर आपण काय म्हणतो? बिचारी, घाला कुणाच्या तरी पदरात. ही पोर कुणाच्या पदरात गेली नाही. तिन्ही भावांच्या बरोबरीने उभी राहिली.

एकदा कुणी तरी टोचून बोललं. ज्ञानोबा माउलींच्या जिवाला लागलं, आणि त्यांनी झोपडीची ताटी आतून लावून घेतली. ताटी म्हणजे काय हे आता नव्या पोरांना सांगावं लागतं. कुडाच्या घराला फळ्यांचं दार नसायचं. काटक्या, तुराट्या बांधून दाराएवढा पडदा करायचा, ती ताटी. माउली आत बसले. बाहेर मुक्ताई उभी. तिने बाहेरून जे समजावलं तेच ताटीचे अभंग. तुम्हा सगळ्यांना पाठ आहेत, आम्ही इथे म्हणत नाही. फक्त त्यातली हिंमत बघा. पुढे जग ज्याला माउली म्हणणार आहे, त्या थोरल्या भावाला धाकटी बहीण सांगते की ज्याने संतपण अंगावर घेतलं, त्याला लोकांच्या बोलण्यावर रुसून चालत नाही.

आणि माउलींनी काय केलं? 'तू लहान, तुला काय कळतंय' असं म्हणाले का? नाही. त्यांनी ताटी उघडली. ही दुसरी बाजू आम्ही मुद्दाम सांगतो, कारण कथा सांगताना ती निसटून जाते. बोलणारीचं धाडस मोठं खरं, पण ऐकणाऱ्याने उठून दार उघडलं तेव्हा ते धाडस कामाला आलं. आज ज्या ज्या माउलीची गोष्ट आम्ही सांगू, तिथे तुम्ही एवढंच बघत चला की ताटी कोणी लावली आणि कोणी उघडली.

मुक्ताईचंच पुढचं. गोरोबाकाका कुंभार. सगळा संतमेळा बसलेला. गोरोबाकाकांच्या हातातलं थापटणं बघून मुक्ताईने विचारलं, काका, हे कशाला असतं? काका म्हणाले, मडकं भाजलं का कच्चं आहे ते कळायला. मग म्हणाली, इथे ही एवढी मडकी बसलीत, बघा की तपासून. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. नामदेवराय चिडले, आणि काकांनी सांगितलं, हे मडकं कच्चं. प्रत्यक्ष देवाशी बोलणारा भक्त, त्याला कच्चा ठरवणारी परीक्षा एका पोरीने लावली. नामदेवरायांना राग आला, रडूही आलं, पण ते पुढे औंढ्याला विसोबा खेचरांकडे गेले आणि पक्के होऊन आले. पोरीने उणं दाखवलं म्हणून त्यांनी पोरीचं तोंड बंद केलं नाही.

आणि चांगदेव. चौदाशे वर्षं जगलेला योगी म्हणून त्यांची कीर्ती. वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक घेऊन भेटायला आले. त्याआधी त्यांनी पत्र पाठवलं होतं, पण मायना काय लिहावा तेच सुचेना. वयाने ही पोरं लहान, ज्ञानाने थोर. म्हणून कागद कोराच पाठवला. त्या कोऱ्या कागदाला माउलींनी पासष्ट ओव्यांचं उत्तर दिलं, ती चांगदेव पासष्टी. पण चांगदेवांनी गुरू कोणाला केलं? मुक्ताईला. एवढा सिद्ध योगी, त्याने एका मुलीच्या पायावर डोकं ठेवलं. हे पाय लक्षात ठेवा, पुढे या पायांची आठवण काढायची आहे.

शके १२१९, म्हणजे १२९७ साली, तापीच्या काठी वीज कडाडली आणि मुक्ताई गुप्त झाली. जेमतेम अठरा-वीस वर्षांचं आयुष्य. आज जळगाव जिल्ह्यात मुक्ताईनगरहून तिची पालखी आषाढीला निघते, महिनाभर ऊन-पाऊस झेलत चालते आणि पंढरपूरला येते.

दुसरी जनाबाई. गोदाकाठच्या गंगाखेडची. लहानपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या, म्हणजे नामदेवरायांच्या वडिलांच्या घरी आली, ती दासी म्हणून. दळण, कांडण, शेणपाणी, धुणं, सडा. आमच्या आयाबहिणींना यातलं काही नव्याने सांगायला नको. पंढरपूरजवळ गोपाळपूरला जनीचं जातं अजून दाखवतात. मणभर दळायला बसलं की दळणारीच्या मनात काय येतं ते दळणारीलाच ठाऊक. जनीच्या मनात अभंग आले. तिच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. ज्या घरात मोलकरीण म्हणून आली, त्या घरच्या धन्याच्या गाथेत तिचे अभंग जाऊन बसले. तिचे अभंग देव स्वतः लिहून घ्यायचा असं आपण कीर्तनात सांगतो. ही कथा सांगताना आम्हाला नेहमी वाटतं, की देवाला सुद्धा असं वाटलं असेल, हिचं बोलणं वाऱ्यावर जाऊ नये, कोणी तरी कागदावर उतरवलं पाहिजे.

जनीवर चोरीचा आळ आला. देवाच्या गळ्यातलं पदक हिच्याकडे सापडलं म्हणून तिला सुळावर द्यायला नेलं, आणि सुळाचं पाणी झालं, अशी कथा आहे. आम्ही त्या पाण्याकडे नंतर बघतो, आधी आळाकडे बघतो. आळ कोणावर आला? दासीवर. घरात काही हरवलं की आजही आधी कामवालीकडेच बोट जातं, हो का नाही?

आता जनीचं खरं धाडस सांगतो. तिच्या एका अभंगात ती डोक्यावरून ढळलेल्या पदराची पर्वा न करता भर बाजारातून जाण्याचं बोलते. हातात टाळ घेण्याचं बोलते, खांद्यावर वीणा घेण्याचं बोलते, आणि मला अडवणार कोण असं उलट विचारते. अभंग प्रसिद्ध आहे, पुरुष गवई मोठ्या रंगात गातात. बायकांच्या बाजूनेही टाळ्या पडतात. पण अभंग संपला की वीणा पुन्हा आहे त्याच खांद्यावर. तुम्ही हसलात, पण हसण्यावारी नेऊ नका.

तिसरी सोयराबाई. मंगळवेढ्याच्या चोखोबांची कारभारीण. चोखोबा महार, देवळाच्या बाहेर उभं राहून देवाला हाक मारणारे. सोयराबाई अभंगाच्या शेवटी स्वतःला चोख्याची महारी म्हणते. जे नाव लोक शिवीसारखं वापरत होते, तेच तिने आपल्या अभंगाची सही म्हणून वापरलं. चोखोबांची बहीण निर्मळा, तिनेही अभंग केले. घरातलं पोर कर्ममेळा, त्याने तर देवालाच जाब विचारला. एका घरात एवढी बोलणारी माणसं. आणि घर कुठे, तर वेशीच्या बाहेर.

सोयराबाईच्या बाळंतपणाची कथा तुम्ही ऐकली आहे. चोखोबा घरी नव्हते. दिवस भरले, जवळ कोणी बाई नाही. तेव्हा पांडुरंग निर्मळेचं रूप घेऊन आला आणि नणंद होऊन त्याने बाळंतपण केलं. आता जरा विचार करा. बाळंतघर म्हणजे काय? ज्या खोलीला दहा-बारा दिवस कोणी शिवत नाही, ती खोली. त्यात देव आला. त्याला विटाळ झाला नाही.

इथे आम्हाला एक गोष्ट बोलायला जड जातं. वयाने आम्ही साठीच्या पुढे, समोर लेकीसुना बसलेल्या. पण सोयराबाईने साडेसहाशे वर्षांपूर्वी ही गोष्ट उघड बोलून ठेवली आहे, मग आज आम्ही तिच्या मागे लपून बोललो तर काय बिघडलं? तिचं म्हणणं साधं आहे. ज्याला तुम्ही विटाळ म्हणता त्याच्यातूनच माणूस जन्माला येतो. त्याच्याशिवाय आलेला एक जीव दाखवा. मग सोवळं उरलं कोण?

आता आपल्या वाटेवरचं बघा. आषाढी जवळ आली की आपल्या दिंडीतल्या लेकीसुना औषधाच्या दुकानातून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणतात. अठरा-वीस दिवसांची वाट, रोज पाच-सहा कोस चाल, त्यात ह्या गोळ्या. कुणाला चक्कर येते, कुणाचे पाय सुजतात. आणि गोळी चुकली तर ती बाई तुळस दुसरीच्या डोक्यावर देते आणि दिंडीपासून लांब, रस्त्याच्या कडेने, मान खाली घालून चालते. आम्हाला सांगा, जो देव बाळंतपण करायला आला, तो या लेकराला लांब चाल म्हणत असेल का? ही ताटी देवाने लावलेली नाही. ती आपण लावली, आणि सोयराबाईला मानणाऱ्या माणसाला ती उघडावी लागेल.

चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला कोसळणाऱ्या कुसाखाली गेले. नामदेवरायांनी त्यांच्या अस्थी आणून महाद्वारासमोर समाधी बांधली. पण चोखोबांच्या लोकांना त्या देवळात पाय ठेवायला १९४७ साल उजाडावं लागलं. साने गुरुजींनी पंढरपुरात मे महिन्यात दहा दिवस उपास केला. त्यांना उपासाला जागा दिली ती तनपुरे महाराजांच्या मठाने. म्हणजे आपल्याच माळकरी माणसांपैकी कोणी तरी दार उघडून आत घेतलं. त्या वेळीही 'परंपरा बुडाली' म्हणणारे होते. परंपरा बुडाली का? वारी आज वाढलीच आहे.

चौथी कान्होपात्रा, तीही मंगळवेढ्याचीच. गणिकेची लेक. रूपाने अशी की बिदरच्या दरबारातून बोलावणं आलं. आईचा धंदा करायचा नाही, बादशहाच्या जनान्यात जायचं नाही, मग राहिलं काय? त्या काळी अशा पोरीला तिसरं दार नव्हतंच. ती वारकऱ्यांच्या मेळ्यात घुसली आणि पंढरपूर गाठलं. शिपाई मागे आले तेव्हा देवाच्या पायावर तिने देह ठेवला. देवळात दक्षिणेच्या अंगाला तरटीचं झाड आहे, त्याला आपण तिचं ठिकाण मानून हात जोडतो. तिची गोष्ट आम्ही थोडक्यात सांगितली, कारण त्यातली एकच गोष्ट आज हवी आहे. त्या दिंडीतल्या माणसांनी तिला विचारलं नाही की तू कुणाची, कुठली, तुझ्या आईचा धंदा काय. विचारलं असतं तर कान्होपात्रेचं नाव आज कोणाला माहीत नसतं. दिंडी कशासाठी असते याचं याहून चांगलं उत्तर आम्हाला माहीत नाही.

पाचवी बहिणाबाई. इथे थोडा घोटाळा होतो, म्हणून सांगतो. जळगावकडच्या शेतकरीण कवयित्री बहिणाबाई चौधरी, त्या अलीकडच्या. आम्ही बोलतो ती तुकोबांची शिष्या बहिणाबाई, १६२८ सालचा जन्म, देवगाव रंगारीची. कुलकर्ण्याची लेक. खेळायच्या वयात तिचं लग्न लावलं, नवरा तिशीतला बिजवर. घराण्याने वैदिक, स्वभावाने तापट. पुढे हे कुटुंब फिरत फिरत कोल्हापूरला आलं.

तिथे त्यांना एक गाय दान मिळाली. गाईला वासरू झालं, त्या वासराला बहिणाबाईचा एवढा लळा की तिच्याशिवाय ते वैरणीला तोंड लावीना, पाणी पिईना. जयरामस्वामींचं कीर्तन होतं. ही कीर्तनाला निघाली, वासरू मागे. मंडपात गर्दी, लोकांनी वासराला बाहेर हाकललं. वासरू बाहेर हंबरायला लागलं, ही आत रडायला लागली. जयरामस्वामींना कळलं, त्यांनी वासराला आत आणवलं. तुम्ही शेतकरी माणसं, तुम्हाला वासराची माया सांगायला नको. स्वामींनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. ही गोष्ट गावभर झाली, आणि घरी गेल्यावर नवऱ्याने तिला वेणीला धरून मारलं. का? तर चार लोकांत बायकोचं नाव झालं म्हणून.

पुढे तिला स्वप्नात तुकोबांचा उपदेश झाला. झालं, आगीत तेल. ब्राह्मणाच्या बायकोने कुणब्याला, ज्याला ते शूद्र म्हणत, गुरू करायचं? नवरा घर सोडून जायला निघाला. तेवढ्यात तो आजारी पडला. महिनाभर अंथरुणावर. हिने सेवा केली, पण गुरू सोडला नाही. शेवटी नवऱ्याचंच मन पालटलं, आणि दोघं मिळून देहूला तुकोबांच्या दर्शनाला गेले. तिथेही मंबाजीने छळलं, त्यांच्या गाईलाही मारलं. नवऱ्याने मारलं तरी तिने घर सोडलं नाही, गुरूही सोडला नाही आणि लेखणीही सोडली नाही. आम्ही हे सांगतो म्हणून कोणी असं समजू नये की बाईने मार सोसत राहावं. मारणारा नवरा चुकीचाच होता, हे त्याला स्वतःलाही कळलं. सांगायचं ते हे, की तिने आपलं हे सगळं आयुष्य, मारासकट, लिहून ठेवलं. मराठीत बाईने स्वतःची कहाणी स्वतः सांगितली, ती तीनशे वर्षांपूर्वी, बहिणाबाईने. बाईच्या देहाला परमार्थाची वाट कशी नाकारली जाते तेही तिने लिहिलं. १७०० साली वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला तिने देह ठेवला.

आणि एक सांगू? आपल्या पंथाची इमारत पायापासून कळसापर्यंत कोणी कशी बांधली हे सांगणारा जो अभंग आपण जागोजागी म्हणतो, तो बहिणाबाईच्या नावावर आहे. म्हणजे आपल्या सगळ्या संप्रदायाचा हिशोब एका बाईने मांडून ठेवला. कोणाचं काम किती, कोण कुठे, सगळं. आणि आपल्या हिशोबात बाई कुठे आहे?

आता आम्ही मागण्याकडे येतो.

या शताब्दीच्या पुस्तकासाठी दिंडीच्या जुन्या वह्या काढल्या, त्या आम्हीही चाळल्या. शंभर वर्षांचे विणेकरी कोण, चोपदार कोण, मृदंगाला कोण, कोणत्या मुक्कामाला कोणाची पंगत, सगळं व्यवस्थित आहे. ज्यांनी लिहून ठेवलं त्यांचे उपकार आहेत. पण बायांची नोंद कशी आहे? 'घरची मंडळी सह.' 'बाया इतक्या.' एवढंच. डोक्यावर तुळस घेऊन पंढरपूरपर्यंत चाललेली बाई, मुक्कामावर पाय न टेकता तीन दगडांची चूल मांडून शंभर माणसांचा स्वयंपाक करणारी बाई, पहाटे तीनला उठून पिठलं-भाकरी बांधणारी बाई, तिचं नाव नाही. जनीचे अभंग देवाने लिहून घेतले, आणि आपल्याला आपल्या आयांची नावं लिहायची सुचली नाहीत. म्हणून पहिलं मागणं. यंदापासून वहीत प्रत्येक वारकरीण तिच्या स्वतःच्या नावाने लिहावी. ज्या गेल्या, त्यांची नावं घराघरांतून विचारून याच पुस्तकात घालावी. ज्यांना आठवतात ती म्हातारी माणसं अजून आहेत, पाच वर्षांनी नसतील.

दुसरं. आपल्या गावात सध्या सात-आठ मुली टाळ, मृदंग शिकल्या आहेत. एक पोर तर काकड्याला पखवाज असा वाजवते की झोपेतलं गाव उठून बसतं. वारीत तीच पोर मागच्या रांगेत हंडा घेऊन चालते. तिचं लग्न ठरत होतं, तेव्हा बघायला आलेल्या मंडळींनी विचारलं, लग्नानंतर हे वाजवणं बंद करणार ना? पोर काही बोलली नाही, बापाकडे बघत राहिली. बापाने काय उत्तर द्यावं हे ठरतं ते दिंडीने तिला कुठे उभं केलं आहे त्यावर. दिंडीने तिला मृदंगाला उभं केलं, तर बाप छाती पुढे काढून सांगेल. दिंडीनेच मागे ठेवलं, तर त्याने कोणाच्या बळावर बोलावं?

तिसरं, आणि मोठं. वीणा.

वीणा हा मान आहे असं आपण म्हणतो, पण ती आधी जबाबदारी आहे. गळ्यात पडली की खाली ठेवायची नाही, दुसऱ्याने घेतल्याशिवाय बसायचं नाही. रात्रीचा पहारा असो की दुपारचं ऊन. अशी उभी राहायची सवय आपल्या बायांना किती आहे हे सांगायला नको. सप्ताहात काही गावांत दिवसाचा पहारा बाया घेतातही. आपल्या दिंडीत शंभर वर्षांत बाईच्या गळ्यात वीणा गेली नाही.

का गेली नाही, त्याची कारणं आम्हाला ठाऊक आहेत. पहिलं कारण विटाळाचं, त्याला सोयराबाईने उत्तर दिलं. दुसरं, बाई चार लोकांत उभी राहिली तर लोक काय म्हणतील. त्याला जनीने उत्तर दिलं, तेही वीणेचंच नाव घेऊन. तिसरं कारण कोणी मोठ्याने बोलत नाही, ते आम्ही बोलतो. विणेकऱ्याच्या पाया पडायची आपली रीत आहे. वीणा बाईकडे गेली तर बाप्या माणसांना बाईच्या पाया पडावं लागेल. हीच खरी अडचण आहे. आता आठवा ते पाय. चौदाशे वर्षांचा चांगदेव ज्या पायांवर डोकं ठेवून मोठा झाला, ते कोणाचे होते? आपण चांगदेवाहून मोठे झालो का? आणि पाया पडतो ते माणसाच्या नाही, वीणेच्या, नारदाच्या गादीच्या, हे आपणच पोरांना शिकवतो. मग खांदा कोणाचा याने काय फरक पडतो?

चौथं कारण परंपरेचं. त्याचा आम्ही मान ठेवतो, कारण शंभर वर्षं दिंडी टिकली ती रीत सांभाळली म्हणून. पण रीतही कधी तरी कोणी तरी सुरू केलेली असते. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराजांनी १६८५ साली पालखी सुरू केली, तोवर वारी होती पण अशी पालखी नव्हती. पुढे हैबतबाबांनी आळंदीहून माउलींचा सोहळा वेगळा उभा केला. आज ते सगळं परंपरा आहे. तेव्हा ते नवंच होतं. विहीर बापाने खणली म्हणून तिचा गाळ काढायचा नाही असं कोणता शेतकरी म्हणतो? गाळ काढला तर बापाची विहीर बुजत नाही, पाणी वाढतं.

काही मंडळींना हे पटणार नाही. त्यात आमच्याहून वयाने, अधिकाराने मोठी माणसं आहेत. त्यांच्या पाया पडून आम्ही एवढंच सांगतो, घाई नको. येत्या कार्तिकीला एक दिवस, एका मुक्कामापुरती, दिवसाचा एक पहर वीणा द्या. जी हरिपाठ तोंडपाठ म्हणते, जिची वीस-पंचवीस वाऱ्या झाल्या आहेत, अशा कुणा म्हातारीला द्या. आपल्या दिंडीत अशा पाच तरी आहेत, नावं घेतली तर आत्ता लाजून उठून जातील. त्या पहरात काय होतं ते बघू. आभाळ कोसळलं तर पुढच्या मुक्कामाला परत घ्या.

मुक्ताई, जनी, सोयराबाई, कान्होपात्रा, बहिणाबाई, यांच्यासारखं धाडस आपल्या प्रत्येकीकडून मागणं बरोबर नाही. प्रत्येक लेकीला सुळापर्यंत, नाही तर मारापर्यंत जावं लागलं, तरच तिला मान द्यायचा, असं कुठे लिहिलंय? त्यांनी त्यांचं केलं. आता राहिलं ते आपलं, आणि ते सोपं आहे. बाहेरून कोणी तरी हाक मारते आहे. उठायचं आणि ताटी उघडायची.

बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर लेकरू समजून पोटात घाला.

बोला पुंडलिक वरदे हारि विठ्ठल, श्री ज्ञानदेव तुकाराम. आणि आज एवढं जोडून म्हणा, मुक्ताई माउली की जय. जनाबाई माउली की जय. सोयराबाई माउली की जय.

रामकृष्ण हरी.